‘गेली’ची खूण

मी जात्याच संशयी. दूधवाल्याने माप ओतलं की माझी नजर दुधाकडे नसते, फेसाकडे असते. एस.टी.चा कंडक्टर ‘सुटे नाहीत’ म्हणाला की मी त्याच्या पिशवीच्या आवाजाकडे कान देते. बाबा म्हणायचे, “हिला प्रत्यक्ष देवाने हातावर प्रसाद ठेवलान् तरी ही आधी वास घेऊन बघेल.” आईला वाटायचं, अशा मुलीचं लग्न होणं कठीण. पण याच खोडीमुळे मला नोकरी लागली.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच बी.ए. झाले होते. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छापखान्याचा गाळा होता आणि तिथल्या मालकांना मुद्रितं तपासायला माणूस हवा होता. पहिल्याच दिवशी मी लग्नपत्रिकेत वराच्या मामाचं आडनाव चुकल्याचा संशय घेतला आणि तो खरा निघाला. मालक खूश झाले. पुढच्या वर्षी त्यांनी कर्ज काढून पुण्याहून कॉम्प्युटर आणला, तेव्हा त्यावर बसायला माझ्याबरोबर आणखी एक मुलगी घेतली. ती टाइप करायची, मी तपासायची.

यंत्राबरोबर पुण्याचा एक इंजिनिअर शिकवायला आला होता. त्याने सांगितलेली पद्धत अशी की मजकूर नुसता टाइप करायचा नाही. प्रत्येक तुकड्याच्या आधी एक खूण उघडायची आणि तुकडा संपला की तीच खूण मिटायची. खुणेच्या पोटात दुसरी खूण, तिच्या पोटात तिसरी, डब्यात डबा ठेवतात तशी. मग हवा तो तुकडा बाहेर काढायचा झाला तर यंत्राला वाट सांगायची: या खुणेत शिर, तिच्यातल्या त्या खुणेत जा, तिथे जे सापडेल ते घेऊन ये. अटही घालता यायची. अमुक खूण जिच्या पोटात असेल तेवढीच आण, म्हणून. किंवा नुसतं म्हणायचं, पहिली आण, दुसरी आण.

“लक्षात ठेवा,” इंजिनिअर जाताना म्हणाला, “याला अर्थ कळत नाही, फक्त जागा कळते.”

अर्थ कळत नसताना जो इतकी ठाम उत्तरं देतो त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हे मला तेव्हाही समजलं नाही.

पहिलं मोठं काम आलं ते एका कुलवृत्तांताचं. कोकणातल्या एका कुळाच्या सगळ्या शाखा, सगळे पुरुष, त्यांच्या बायका, मुलं, कोण कुठे असतं, काय करतं. पुस्तक वेळणेश्वरला भरणाऱ्या त्यांच्या कुलसंमेलनात प्रकाशित व्हायचं होतं. कुळाचं आडनाव ऐकलं आणि माझा हात मुद्रितावरच थांबला. ते माझ्या आत्याच्या सासरचं आडनाव होतं.

आत्या आमच्याकडेच राहायची. तिचा नवरा मुंबईत सरकारी कचेरीत. लग्नानंतर दोनएक वर्षांनी त्याने तिला इथे आणून सोडलं. खोली बदलतोय, नवी मिळाली की न्यायला येतो, म्हणाला. तेव्हा मी पाळण्यात होते. मी बी.ए. झाले तरी त्याला खोली मिळाली नव्हती. त्याने दुसरं लग्न केलंय अशी कुजबुज अधूनमधून कोणीतरी मुंबईकर घेऊन यायचा, पण ‘मी डोळ्यांनी पाहिलं’ म्हणणारा एकही नाही. बाबांनी दोन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही, आणि कोर्टाची पायरी चढायची आमच्या घरात रीत नव्हती. आत्या मंगळसूत्र घालायची, कुंकू लावायची, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या मारायची. भाट्याच्या बाजूला एका बागेत नारळ सोलणाऱ्या बायकांवर देखरेख करायची आणि संध्याकाळी तांबड्या मातीने माखलेले पाय अंगणात धुऊन घरात यायची. नवऱ्याबद्दल ती चकार शब्द काढत नसे. तिच्यापुढे तो विषय आपण काढायचा नाही हे मला न सांगता कळलं होतं.

मी मालकांना नातं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी काम माझ्याकडून काढून घेतलं असतं, आणि मला ते जवळून बघायचं होतं.

कुळाचे संपादक म्हणजे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. आत्याच्या नवऱ्याचे सख्खे चुलतभाऊ. धोतर, काळी टोपी, बगलेत छत्री, आणि वळणदार अक्षरातले कागदांचे गठ्ठे. ते प्रत्येक पान आमच्या हाती देण्यापूर्वी एकदा स्वतः वाचत, दिल्यानंतर परत मागून पुन्हा वाचत. मला वाटलं, हा माझ्या जातीचा माणूस आहे. पण संशयी माणूस दुसऱ्या संशयी माणसाला ओळखतो तसा भीतही असतो. त्यांनी माझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. रत्नागिरीत त्या आडनावाची घरं पुष्कळ, म्हणून त्यांनी पुढे विचारलं नाही.

आम्ही खुणा ठरवल्या. कूळ, त्यात शाखा, शाखेत पुरुष, पुरुषात पत्नी, पत्नीच्या पोटात मुलं. “हे एक तरी यंत्राने बरोबर ओळखलंन्,” माझी सोबतीण म्हणाली आणि आम्ही दोघी हसत सुटलो. मयत माणसांसाठी एक खूण हवी होती. शिरस्तेदार कुठे ‘निवर्तले’ लिहीत, कुठे ‘कैलासवासी’, कुठे ‘सौभाग्यवती असतानाच देवाज्ञा’. एवढे शब्द यंत्राला कुठून पुरवायचे? म्हणून सोबतिणीने सगळ्यांना मिळून एकच खूण केली: ‘गेले’. बाईमाणूस असेल तर ‘गेली’. ज्याच्यात ही खूण नाही तो हयात. हयात माणसाच्या पोटात पत्ता.

मग कुळातली माणसं गाळ्यात येऊ लागली. प्रत्येकाला आपली शाखा पडद्यावर बघायची असायची आणि प्रत्येकाला दुसऱ्या शाखेने पानं लाटल्याची खात्री असायची. एकजण खेडहून आला तो थेट म्हणाला, “आमचे पणजोबा ह्यात दाखवा.” दाखवले. “आता त्यांच्या भावाचे दाखवा.” दाखवले. मग पडद्याला बोट लावून ओळी मोजल्यान् आणि रागाने निघून गेला. दुसऱ्या एका गृहस्थांना धाकट्या भावाचं नाव आपल्या आधी दिसलं. मी समजावलं, टाइप करताना तो आधी बसला म्हणून यंत्र त्याला पहिला म्हणतं. आत जागा बदलली की क्रम आपोआप बदलेल. ते म्हणाले, “म्हणजे आधी बसेल तो थोरला? ही कोणती रीत?” मला त्यांचं पटलं होतं, पण मी मालकांकडे बघून गप्प राहिले.

पुस्तकाच्या सुरुवातीला दिवंगतांचं एक स्मरणपान घालायचं ठरलं. ते वेगळं टाइप करायची गरज नव्हती. यंत्राला वाट सांगायची, बस. दुपारची वेळ, पत्र्याखाली तापलेला गाळा, पंखा नुसता आवाज करत होता. मी आधी गेलेले पुरुष काढले. मग बायकांसाठी वाट घातली: शाखा, पुरुष, पत्नी, आणि अट ‘गेली’. पडद्यावर नावं उतरू लागली. कोण्या काळच्या रमा, उमा, सरस्वती. मी सवयीप्रमाणे एकेक नाव टिपत होते आणि एका नावाशी अडकले. सासरचं नाव आत्याचं. माहेरचं नाव आत्याचं. माहेर रत्नागिरी. वडिलांच्या जागी माझ्या आजोबांचं नाव.

त्या दिवशी सकाळीच तिने मला डबा भरून दिला होता.

पहिल्यांदा मला हसू आलं. मग मी त्या नावावरून वर, तिला पोटात घेणाऱ्या पुरुषाच्या खुणेशी गेले आणि तिथून पुन्हा खाली, त्याच्या पोटात आणखी काय आहे ते बघायला. पत्नी, पहिली. गेली. पत्नी, दुसरी. हयात. दुसरीच्या पोटात दोन मुलं. थोरल्याचं वय वाचलं आणि हिशेब केला. मी पाळण्यातून बाहेर पडायच्या आत तो जन्मला होता. इतकी वर्षं जी कुजबुज होती ती इथे शिस्तीत, खुणा उघडून आणि मिटून बसली होती.

चूक सोबतिणीची म्हणावी तर तसंही नव्हतं. मी मूळ हस्तलिखित काढलं. त्या एवढ्या गठ्ठ्यांत ‘निवर्तली’ होतं, ‘वारली’ होतं, ‘देवाज्ञा’ होतं. ‘गेली’ हा शब्द फक्त एका ठिकाणी होता, आत्याच्या नावापुढे. ‘प्रथम पत्नी, माहेरी रत्नागिरीस, गेली.’ ‘रत्नागिरीस’च्या पुढचा स्वल्पविराम ठसठशीत होता, पण शाई जरा निराळी. मागाहून घातला होता की काय? तो काढला तर बाई माहेरी गेली. तो ठेवला तर बाई देवाघरी गेली. कोणी जाब विचारलाच तर शिरस्तेदार म्हणणार, मी कुठे मेली म्हटलं? आणि कोणी नाही विचारलं तर सरकारी नोकराची दुसरी बायको कायद्याने चोख, कुळाच्या पुस्तकाचा छापील आधार. नरो वा कुंजरो वा! जन्मभर कोर्टात कागद लावलेल्या माणसाच्या हातून असा शब्द चुकून पडत नाही. इथे पाणी मुरत होतं आणि ते मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतं.

मी घरी गेले. आत्या मागच्या पडवीत सुपात आमसुलं पसरत होती. मी कसं सांगावं याची जुळवाजुळव करत उभी राहिले.

“काय गो, तोंड का असं?” तिने विचारलं.

मी सगळं सांगितलं. खुणा, वाट, अट, सगळंच. दुसरीचं सांगताना माझी जीभ अडखळली. आत्याने आमसुलं पसरणं थांबवलं नाही.

“मुलं किती?” ती म्हणाली.

“दोन.”

“दोन्ही शिकतायत?”

“तसं लिहिलंय.”

तिने सुपातलं एक आमसूल उलटून ठेवलं. मला तिचा राग आला. इतकी वर्षं हिला माहीत होतं की काय, आणि माहीत असून ही वडाला दोरा गुंडाळत होती? मी तसं विचारलंच. तिने तांबडे हात पदराला न पुसता तसेच वर धरले.

“माहीत नव्हतं. संशय होता. संशयावर बाईला कुंकू पुसता येत नाही, नि लावलेलं सोसतही नाही. तुला नाही कळायचं ते.” मग म्हणाली, “मला मारलंनी ते कुठल्या सालात?”

“साल नाही घातलं.”

“नाहीच घालणार. साल घातलं तर बाराव्याचं जेवण कोणी जेवलं ते सांगावं लागेल.”

मी म्हटलं, मी गुपचूप ती खूण काढून टाकते. एका बोटाचं काम आहे. ती म्हणाली, “चोरून जिवंत कशाला होऊ? तो लिहिणारा माणूस परत कधी यायचाय?”

“उद्या. मुद्रितावर सही करायला.”

“मी येत्ये.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर मिरजोळ्याच्या गाडीत बसली. नेहमीचंच सुती नऊवारी, फक्त धुतलेलं. वाटेत मला धास्ती वाटत होती. ती तिथे रडेल, की त्यांच्या अंगावर धावून जाईल, की ऐन वेळी गप्प बसेल, आणि नोकरी मात्र माझी जाईल. नोकरीचा विचार मनात आला याची लाजही वाटत होती.

शिरस्तेदार मालकांच्या टेबलाशी चहा घेत होते. आत्या दारात उभी राहिली. त्यांनी वर बघितलं, बशी टेबलावर ठेवली आणि उठून उभे राहिले.

“वहिनी!” ते म्हणाले.

तोंडातून शब्द निघाला आणि मग त्यांना कळलं. मालक एकदा त्यांच्याकडे, एकदा आत्याकडे बघू लागले. मी पडद्यावर ते पान आणूनच ठेवलं होतं. मी मालकांना नाव दाखवलं, खूण दाखवली आणि म्हटलं, “ह्या माझ्या आत्या. ह्या गेलेल्यांत आहेत.”

“अहो, ते गेली म्हणजे माहेरी गेली,” शिरस्तेदार म्हणाले. “ह्या पोरींनी भलतीच खूण केलीनी.”

“मग बाकीच्या बायका पण माहेरीच गेल्यात का?” मी विचारलं. मालकांनी मला डोळ्याने दटावलं, पण त्यांचाही चेहरा उतरला होता. जिवंत बाईला मेलेली छापली तर उद्या नोटीस छापखान्याला येणार, एवढं त्यांना कळत होतं. ते म्हणाले, हे असं मी छापणार नाही.

शिरस्तेदारांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपीशिवाय ते बरेच म्हातारे दिसत होते. आवाज खाली आणून म्हणाले, “वहिनी, त्याची निवृत्ती तोंडावर आल्ये. दोन बायका हयात छापल्या तर कोणीतरी कचेरीत नेऊन देईल. आपल्यातही कमी शत्रू नाहीत. आपण असं करू. तुमचं नावच नको. मेलेल्यांत नको नि जिवंतांतही नको. वगळूनच टाकू. तुम्हालाही बरं.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. “वगळलं की काय होतं गो?”

मला ते सांगायचं नव्हतं. पण तिने विचारलं होतं. मी आत्याची खूण, उघडती ते मिटती, निवडून बाजूला काढून दाखवली. यंत्राने पान पुन्हा जुळवलं. खालची वर सरकली आणि तिच्यापुढे आपोआप आलं: पत्नी, पहिली.

आत्या पडद्याजवळ गेली. तिला वाचता येत होतं, पण चष्मा आणला नव्हता, म्हणून ती अगदी काचेला नाक लावून वाचत होती.

“म्हणजे मी मेल्ये नाही,” ती म्हणाली. “मी झालेच नाही.”

मी ती खूण ताबडतोब होती तिथे परत ठेवली. कोणी सांगितलं नव्हतं.

“भावोजी, तुमच्या घरात माझं लग्न झालं तेव्हा पंगतीत तुम्ही वाढत होता,” आत्या म्हणाली. “मला आठवतं. मला जिवंत लिहा. बाकी त्यांचं काय व्हायचं ते होवो. मी कोणाच्या कचेरीत जात नाही नि कोणाला पाठवतही नाही.”

शिरस्तेदारांनी मुद्रित पुढे ओढलं. लेखणी उघडून त्यांनी ‘गेली’ शब्दावर काट मारली. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं नाही. मी यंत्रातली खूण पुसली. पान हललं आणि आत्याच्या नावाखाली एक रिकामी चौकट आली.

“हे काय?” आत्याने विचारलं.

“पत्ता,” मी म्हटलं. “हयात माणसाला पत्ता लागतो. संमेलनाची निमंत्रणं यंत्र त्याच्यावरूनच काढतं. प्रत्येकाच्या नावाने वेगळं पाकीट.”

“हो हो, इथला घाल,” शिरस्तेदार घाईघाईने म्हणाले. त्यांना आता उठायचं होतं. “रत्नागिरीचा. तुझ्या घरचा.”

“नको,” आत्या म्हणाली. “त्यांचा घाल. मुंबईचा.”

शिरस्तेदार उठता उठता पुन्हा बसले. “वहिनी, पाकीट ती उघडेल हो. तिला बिचारीला काही ठाऊक नाही. लग्नाच्या वेळी तिच्या घरच्यांना सांगितलं होतं की तुम्ही…”

बाहेर शेजारच्या गाळ्यात कोणीतरी लोखंड कापत होतं.

“उघडू दे,” आत्या म्हणाली. “तिलाही कळू दे. मला कळवायला कोणी नव्हतं.”

“पण तुम्ही राहता इथे! खोटा पत्ता कसा छापायचा?”

आत्याने पदर सारखा केला. तिचा आवाज जराही चढला नाही, उलट पाहुण्यांशी बोलावं तसा मऊ झाला.

“खोटा कसा, भावोजी? माझं घर तेच. इथे मी माहेरपणाला आल्ये.”